सांगेल त्याच्या गळ्यात

रंभा तामोरेला नसत्या चौकशा करायची खोड लहानपणापासूनची. आई चंद्रावती डहाणू रोडच्या बाजारात मासळी विकायची आणि ही शेजारी बसून गिऱ्हाइकाला विचारायची, "बोंबील घ्यायला आलात, मग मघापासून पापलेटकडे का बघताय?" आईने कपाळाला हात लावावा. पण पुढे हीच खोड कामाला आली. तलासरीच्या रस्त्याला हितेशभाईंची चिकूची शेड आहे. चिकू सोलून त्याच्या चकत्या करायच्या आणि ड्रायरमध्ये वाळवायच्या, हे तिथलं काम. रंभा तिथे चकत्या कापायला लागली आणि हे असं का, ते तसं का विचारत सुपरवायझर झाली.

सुपरवायझर झाल्याबरोबर तिने सोमवारची मीटिंग सुरू केली. गोल बसायचं, चहा प्यायचा आणि मनात असेल ते बोलायचं. माझ्याबद्दल असलं तरी बोला, असं ती दर खेपेला बजावायची. बाया चहा प्यायच्या, कप विसळायच्या आणि उठायच्या. याच बाया संध्याकाळी गंजाडला जाणाऱ्या टेम्पोत बसल्या, की ड्रायव्हरला स्वतःचा हॉर्न ऐकू येत नसे. मग मीटिंगमध्येच यांच्या तोंडाला कुलूप कोण लावतं? रंभाला नवल वाटे, पण आज ना उद्या बोलतील म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

आणि एक दिवस ड्रायरवर काम करणाऱ्या रूपीचा हात भाजला. ती खालचा ट्रे ओढायला वाकली, ड्रायरची कडी निसटली आणि तापलेलं लोखंडी दार तिच्या हातावर आलं. दवाखान्यातून परतताना शेडमधला कामगार काळू बोलून गेला, की कडी ढिली आहे हे शेडमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना म्हणजे रंभा सोडून सगळ्यांना. तिला राग आला आणि रागापेक्षा जास्त वाईट वाटलं. दर सोमवारी चहा पाजून आपण नेमकं काय ऐकत होतो, हेच तिला कळेना.

रविवारी ती गंजाडला रूपीच्या घरी गेली. रूपी ओट्यावर बसली होती, हाताला पट्टी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर रंभाने सरळच विचारलं, की कडीचं मला का नाही सांगितलं.

रूपीने तिच्याकडे जरा नवलानेच पाहिलं. "सांगेल त्याच्याच गळ्यात पडतं ना, बाय. तुला माहीत नाय?"

रंभाला खरंच माहीत नव्हतं. मग रूपीने एकेक सांगायला सुरुवात केली. चिकू धुवायच्या हौदापाशी पाणी साचतं असं काळू म्हणाला. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत बाकीचे भाकरीचं फडकं सोडतात आणि काळू पाणी ओढतो. ट्रेची जाळी फाटते असं रूपीने सांगितलं. तर जाळ्या शिवायचं काम तिच्याकडे आलं, टेम्पो निघून जायचा आणि तिला एकटीला चालत यावं लागायचं. कडीचं सांगितलं असतं तर ती कडी धरून उभं राहायचं कामही आपल्याकडेच आलं असतं, असं रूपी म्हणाली आणि हसली. रंभाला हसू आलं नाही.

कारण प्रत्येक वेळी "शाब्बास, मग आजपासून हे तुझ्याकडे" असं म्हणणारी तीच होती. तिला तो मान वाटायचा. हितेशभाईंनी तिला असंच तर वर आणलं होतं. तिने खोट दाखवावी, भाईंनी ती तिच्यावर सोपवावी, तिने हौसेने निस्तरावी. आपल्याला गोड लागलं ते सगळ्यांना गोड लागणार, असं ती धरून चालली होती.

घरी येऊन तिने हे आईला सांगितलं. चंद्रावती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझी मासळी शिळी म्हणणाऱ्याला मी कधी जाळं देऊन समुद्रात धाडलं नाय."

पुढच्या सोमवारी रंभाने काळूच्या हातातलं पाणी ओढायचं काम काढून पाळीपाळीने लावलं, पहिली पाळी स्वतःची. जाळ्या शिवायला बाहेरचा माणूस आणला. यापुढे सांगणाऱ्याने फक्त सांगायचं, निस्तरायचं कोणी ते मी बघेन, असं तिने जाहीर केलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, इतकंच. अनेक वर्षांची सवय एका चहात जाते थोडीच.

हात बरा होऊन रूपी कामावर आली, त्याच दिवशी हितेशभाई शेडवर होते. सुरतेचा माल त्याच संध्याकाळी जायचा होता आणि दोन्ही ड्रायर भरलेले. पहिल्याची कडी बदलली होती. दुसरा मात्र बंद होता. कडी तपासल्याशिवाय तो चालवायचा नाही, म्हणून रंभानेच बंद केला होता. भाईंचा पारा चढला. चांगली चालणारी मशीन बंद करायचं कोणाच्या डोक्यातून निघालं, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

बायांच्या माना खाली गेल्या. माझ्याच डोक्यातून, असं म्हणून रंभा सगळं अंगावर घेणार होती, आणि ते खोटंही नव्हतं. पण सकाळी तिच्या कानाशी येऊन कुजबुजलेलं कोणी वेगळंच होतं. त्या बाईचं नाव आपण घ्यायचं नाही, एवढं रंभाने ठरवलं होतं.

"मी सांगितलं," रूपी म्हणाली. हातावरचा डाग अजून लाल होता. "त्याची पण कडी हलते. मागच्या खेपेला मी गप बसली होती."

हितेशभाईंनी त्या हाताकडे पाहिलं. आवाज उतरला, पण सवय कुठे जाते? "सारू, ठीक आहे," ते म्हणाले, "मग मिस्त्री येईपर्यंत तूच थांब त्याच्यापाशी."

रूपी निमूटपणे ड्रायरकडे वळलीसुद्धा. रंभा आडवी आली.

"नाही भाई. तिचं काम झालं. ती बोलली. आता मिस्त्रीला फोन तुम्ही लावा, ड्रायरपाशी मी थांबते."

शेडमध्ये सोलायच्या सुऱ्या थांबल्या. भाई खिशातून मोबाइल काढून नंबर शोधू लागले. फोन लागायच्या आतच मागच्या पाटावरून काळूचा आवाज आला, "बाय, वजनकाट्याच्या वायरीतून पण झटका बसतो."