आय विल कम

इंग्लंडात, बेसिंगस्टोकमध्ये भाड्याचं घर शोधताना माझ्या नाकी नऊ आले होते. कंपनीने दिलेला फ्लॅट महिनाअखेर सोडायचा होता, पण खरी घाई ती नव्हती. पुण्यात नवरा म्हणत होता, घर मिळू दे, मग येतो. त्याआधी म्हणायचा, तुझी नोकरी पक्की होऊ दे. ती पक्की होऊन वर्ष झालं होतं. आता त्याच्याकडे घराचं एवढं एकच कारण उरलं होतं, आणि मला तेही संपवायचं होतं. म्हणून एका खोलीत भागलं असतं तरी मी हट्टाने दोन बेडरूमची घरं बघत हिंडत होते.

एका शनिवारी एजंटने एका इंग्रज आजींचं घर दाखवलं. त्या लेकीकडे राहायला जाणार होत्या. मागे टीचभर बाग, स्वयंपाकघरात चक्क ऊन. दुसऱ्या बेडरूममध्ये नवऱ्याचं टेबल कुठे बसेल, तेही मी ठरवून टाकलं. पण ऑफिस लांब पडत होतं आणि मला गाडी चालवता येत नव्हती, म्हणून एजंटला विचार करून कळवते म्हटलं. निघताना दारात, घरी म्हणते त्याच सवयीने, आजींना म्हणाले, "आय विल कम."

सोमवारी एजंटचा तिरसट फोन आला. आजी रविवारी दिवसभर माझी वाट बघत बसल्या होत्या. घर बघायला आलेल्या एका जोडप्याला तर त्यांनी घर गेलं म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. मी कपाळावर हात मारला.

ऑफिस सुटल्यावर थेट त्यांच्याकडे गेले. आजी रागावल्या नव्हत्या, त्यांनी चहा केला, आणि त्यानेच मला जास्त ओशाळल्यासारखं झालं. मी समजावून सांगितलं, की आमच्यात निघताना 'जाते' म्हणत नाहीत, अशुभ वाटतं. 'येते' म्हणायचं आणि जायचं. ऐकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, कोणी वाट बघत नाही.

आजींनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आणि खरंच यायचं असेल, तेव्हा काय म्हणता?"

"तेव्हाही 'येते'च म्हणतो."

"मग कळतं कसं?"

कळतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि नवऱ्याचं 'येतो' आठवलं. मला कुठे कळलं होतं? की कळत होतं, आणि तरीही मी घरं बघत हिंडत होते? त्या परक्या स्वयंपाकघरात मला इतकं एकटं वाटलं, की चहा तसाच ठेवून मी घर पक्कं करून टाकलं.

राहायला गेल्यावर नवऱ्याला फोन केला. छान झालं म्हणाला. मग म्हणाला, एवढं हे प्रोजेक्ट संपू दे, की येतोच. मी बरं म्हटलं. कधी, ते विचारलं नाही. त्या आठवड्यापासून दुसऱ्या बेडरूममध्ये मी कपडे वाळत घालायला लागले.