असं आण्णा म्हणतेत

तेलगावच्या फाट्यावर एसटीतून उतरले आणि समोर आक्का दिसली. फ्लेक्सवर. 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी हातभर अक्षरं, वर ओळीनं पुढाऱ्यांचे चेहरे, मधोमध हात जोडून उभे असलेले आमचे सासरे आण्णा, आणि खाली डाव्या कोपऱ्यात, पासपोर्टच्या फोटोएवढी आक्का. तिच्या नावाखाली लिहिलं होतं, 'अबोल, सोशिक, आज्ञाधारक सूनबाई'. मेलेल्या बाईच्या फ्लेक्सवर जिवंत माणसाचा फोटो तिच्यापेक्षा मोठा कसा काय छापतात, हे मला आजवर कळलेलं नाही. पण फोटोचं एक वेळ सोडा. ते तीन शब्द मी उभ्या उभ्या दोनदा वाचले. मग रिक्षा केली आणि पुढे गेले.

आक्का म्हणजे सुमन, माझी थोरली जाऊ. आदल्या आठवड्यात ती गेली. दवाखान्यातून दिरांचा फोन आला, "शारदा, सुमन गेली" एवढंच बोलले आणि फोन ठेवला. मी एसटीतून उतरले त्या दिवशी पुण्यानुमोदनाचा, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीचा, कार्यक्रम होता. विहारासमोर मांडव, वंदना झाली, आणि मग भाषणं. एका पुढाऱ्याला तिचं नावच माहीत नव्हतं. बोलता बोलता तो थांबला, मागं वळून फ्लेक्सवर नाव वाचलं, आणि 'सुमनताईंची माझी जुनी ओळख' असं सुरू केलं. शेवटी आण्णा उठले. आमचे आण्णा सरकारी नोकरीतून निवृत्त, बोलायला तरबेज. जयंतीला स्वाभिमानावर त्यांचं भाषण नाही असं कधी झालं नाही, आणि ते ऐकून टाळ्या पडल्या नाहीत असंही झालं नाही. ते म्हणाले, "माझी सून कधी मान वर करून बोलली नाही. शिक्षण कमी, पण आपल्याला काय येत नाही याची तिला जाणीव होती. आजच्या पोरींनी हा नम्रपणा घ्यावा." माणसं माना डोलवत होती. मला अक्षरशः शिसारी आली. कारण ज्याला ते नम्रपणा म्हणत होते तो काय होता, तो कुणी तिच्यात भरला आणि तिनं तो कसा उपसून टाकला, हे मी वीस-बावीस वर्षं जवळून बघितलं आहे. म्हणून हे लिहितेय.

लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळी स्वयंपाकघरातून बोलण्याचा आवाज येत होता. कुणीतरी कुणालातरी झापत होतं. "ध्यान हाय नुस्तं. हाताला वळन न्हाई. फडावरनं आनलंय, त्याला काय कळतंय." मला वाटलं, एखाद्या कामवाल्या बाईला बोलतायत. नवी नवरी, आत जावं की नाही... शेवटी डोकावले. आत आक्का एकटीच होती. चुलीवरची भाकरी जरा चिरली होती आणि ती स्वतःलाच बोलत होती. मला बघून ओशाळली. म्हणाली, "ये बाई. तू शिकलेली हायस. आमचं कायतरी असंच." नंतर कळलं की हे रोजचंच आहे. दूध उतू गेलं, सुईत दोरा गेला नाही, पाहुण्याला पाणी द्यायला जरा उशीर झाला, की तिचं तोंड सुरू. दुसऱ्या कुणाला ती आयुष्यात इतकं टाकून बोलली नसेल.

तिचं माहेर शिरूर कासारकडचं. आईवडील ऊसतोडीला जायचे, दिवाळी झाली की घराला कुलूप आणि पोरंसोरं बैलगाडीत. शाळा अशी तुकड्यातुकड्यांनी झाली आणि आठवीत थांबली. आण्णांनी सून म्हणून करून घेतलं ते मुलगी कष्टाची आहे म्हणून, आणि मग जन्मभर तिला तेच ऐकवलं. फड, म्हणजे ऊस तोडायचं रान. "फडावरची." कुणी पाहुणा आला की तिच्यासमोर, "त्याला काय इचारता, त्याला काय कळतंय." बाईला 'त्याला'. कोंबडी-बकरीला म्हणावं तसं. आणि हाच माणूस संध्याकाळी विहारात, माणसानं माणसाला कमी लेखू नये, यावर तासभर बोलणार. मी घरात नवी होते तेव्हा मला राग यायचा. पुढे राग संपला आणि वीट आला. असे आण्णा काही आमच्याच घरात नाहीत. कुठल्याही आळीत जा, स्टेजवर समता आणि घरात 'गप बस' असे दोन-चार तरी सापडतील.

मी सिरसाळ्याला शाळेत शिकवते, राहतेही तिथंच. एकदा आमच्यासाठी व्यक्तिमत्त्व विकासाचं शिबिर ठेवलं होतं. एक टायवाले गृहस्थ आले, आम्हा सगळ्या मास्तर-बाईंना उभं केलं आणि टाळ्या वाजवत 'मी करू शकतो' असं ओरडायला लावलं. आमचे एक सर निवृत्तीला आले होते, गुडघे धरून ओरडत होते बिचारे. मग ते टायवाले म्हणाले, रोज आरशात बघून स्वतःला चांगलं म्हणा. मला ते सगळं थोतांड वाटलं, पण रविवारी तेलगावला गेल्यावर आक्काला म्हटलं, बघ करून. तिनं मनापासून केलं. कपाटाच्या आरशासमोर पदर सारखा करून उभी राहिली. पुढच्या रविवारी मला म्हणाली, "शारदा, आरशात मी दिसतच न्हाई गं. मी म्हनते, सुमन, तू चांगली हायस. तर आतून लगीच आण्णा बोलतेत, हे ध्यान का?" ती हसत सांगत होती. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "आक्का, मग हे जे तू दिवसभर स्वतःला बोलतीस, ते कोण बोलतं? तू का आण्णा?" ती भाजी निवडत होती. हात थांबले. मग म्हणाली, "शब्द तर समदे त्यांचेच हायेत की गं..."

पुढचं तिनं स्वतः शोधून काढलं. ना मी सांगितलं, ना टायवाल्यानं. महिन्याभरानं गेले तर आक्का परातीत कणीक मळत होती आणि पुटपुटत होती, "त्याला काय कळतंय... असं आण्णा म्हनतेत. मला कळतंय. पीठ सैल झालंय, तेवढंच." आणि मूठभर पीठ टाकून पुन्हा मळायला लागली. मी दारात उभी राहून ऐकलं. ज्याचं वाक्य, ते त्याच्या नावावर टाकायचं. मग जे खरोखर चुकलं असेल ते उरतं, आणि ते असतं एवढंसं... मूठभर पिठानं निस्तरणारं. स्वतःला गप्प करायचा प्रयत्न तिनं केलाच नाही. म्हणाली, "आवाज काय जात न्हाई बग. येतोच. येऊं दे. आला की म्हनायचं, आण्णा, तुमीच का? आन् आपलं काम करायचं."

आमच्या विहारात आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासात, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी सतरंजीवर बसून ऐकायचं. वाचायचे ते एक जुने गुरुजी. त्या वर्षी ते लेकाकडं पुण्याला राहायला गेले. आता कोण वाचणार? बायकांनी आक्काचं नाव काढलं. कारण सगळ्या आळीला माहीत होतं की आण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून पडवीत बसून रोजचा पेपर आक्काच त्यांना वाचून दाखवते. ऑपरेशनला आण्णा भितात, हे मात्र भाषणात येत नाही. ती वाचायची आणि ते ओळी-ओळीला हाणून पाडायचे. "गाडी हाकतीस का पेपर वाचतीस? थांब जरा स्वल्पविरामाला." अशी वर्षानुवर्षं शिव्या खात खात तिची जीभ सुटली होती, आणि तिलाच ते ठाऊक नव्हतं. आधी नको म्हणाली, मग दोन दिवसांनी हो म्हणाली. त्या दोन दिवसांत ती जेवली नव्हती, असं दीर म्हणाले.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम रजा टाकून गेले होते. बायका, पोरंटोरं, काही पुरुष, आणि पुढे खुर्चीवर आण्णा. आक्का पांढरं लुगडं नेसून आली, लाकडी चौरंगावर ग्रंथ ठेवला. तिनं सुरुवात केली ती नेहमीच्याच वाक्यानं. "मी काय शिकलेली न्हाई. फडावरची अडानी बाई. मला काय वाचता येत न्हाई..." आणि थांबली. कुणाला वाटलं रडते की काय. तिनं मान वर केली, समोर आण्णांकडं बघितलं आणि अगदी साध्या आवाजात, 'आज बाजार हाय' म्हणावं तशी म्हणाली, "असं आण्णा म्हनतेत. मी वाचते." मग वाचायला लागली. एका जोडाक्षराला अडखळली. आण्णांनी खुर्चीतून मोठ्यानं तो शब्द सांगितला. ती "व्हय" म्हणाली, तो शब्द नीट म्हटला आणि पुढे गेली. टाळ्याबिळ्या काही पडल्या नाहीत. पण बाजूची एक म्हातारी मला कोपर मारून म्हणाली, "लई खणखणीत वाचती की गं तुजी जाऊ."

घरी रामायण. आण्णांनी ताट सरकवलं. सुनेनं चारचौघांत इज्जत काढली, असं म्हणाले. दीर तसे भले, पण बापापुढं त्यांचा जीव एवढासा. तेही आक्काला म्हणाले, "माग की माफी. कावून वाढवतीस?" माफी नाही तर उद्यापासून विहारात जायचं नाही, असा आण्णांचा हुकूम. मला वाटलं, संपलं. आता ही वाकणार, आणि एकदा वाकली की पुन्हा उभी राहायची नाही. आक्का भांडी घासायची थांबून पदराला हात पुसत बाहेर आली. म्हणाली, "आण्णा, मी एक शब्द माजा घातला न्हाई. तुमचं बोलनं तुमच्या नावावर सांगितलं. तुमी तसं म्हनला नसाल तर आत्ता सांगा, उद्या समद्यांसमोर माफी मागते." दारात शेजारचे दोघं येऊन उभे होते, तेही ऐकत होते. खोटं तरी कसं बोलणार? ते उठून आत गेले. दुसऱ्या संध्याकाळी आक्का वाचायला गेली, आणि आश्विन पौर्णिमेपर्यंत रोज गेली. नंतरची वर्षंही वाचनाला तीच होती. मधूनमधून जुनं तोंड सुरू व्हायचं. विशेषतः तब्येत बरी नसली की. पण ते आता एखाद्या येऊन-जाऊन असणाऱ्या पाहुण्यासारखं झालं होतं.

शेवटची भेट दवाखान्यात. सिस्टरला शीर सापडत नव्हती, दोनदा सुई टोचून झाली होती. पूर्वीची आक्का असती तर म्हणाली असती, माझ्या शिराच मेल्या वाईट, तुला तरास दिला बाई. या आक्कानं दुसरा हात पुढं केला. "ह्याच्यावर बग, बाळ. सावकाश." एवढंच. सिस्टर गेल्यावर मी विचारलं, "आक्का, आण्णांनी एकदा तरी बरं म्हणावं, असं वाटतं का गं?" ती थकली होती, तरी हसली. म्हणाली, "पयलं लई वाटायचं. आता त्यांनी चांगलं म्हनलं तर इचार पडंल, की माजं काय चुकलं."

फ्लेक्स अजून फाट्यावर आहे, एका बाजूनं सुटून फडफडतोय. परवा रविवारी घरी गेले होते. आण्णा पडवीत बसले होते, बाजूला आक्का बसायची ती जागा रिकामी. मला म्हणाले, "शारदा, पेपर वाच जरा." मी वाचायला लागले. एक पान झालं असेल, त्यांनी हात वर केला. म्हणाले, "तू लई भरभर वाचतीस. समजत न्हाई. सुमन चांगली वाचायची. आवाज चांगला हुता तिचा, थांबायची बी बरुबर जागी." मी पेपर खाली घेतला. मी विचारलं, "आण्णा, हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?" ते म्हणाले, "पयल्यापासून. तोंडावर चांगलं म्हनलं की बायामानसं शेफारतेत. म्हून म्हनलो न्हाई." इतक्या शांतपणे म्हणाले... मला वाटत होतं, या माणसाला कळत नव्हतं. मनातल्या मनात मी त्याला तेवढी सूट दिली होती. पण त्याला पहिल्यापासून सगळं कळत होतं. त्यांच्या शेजारी बसवेना. उठून खांबाला टेकून उभी राहिले.

थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, जरा चाचरत, "दवाखान्यात... माज्याबद्दल काय म्हनायची ती?"

खोटं बोलून त्यांना बरं वाटू देणं मला जमलं असतं. किंवा वाटेल ते सुनावून मला बरं वाटलं असतं. मी जे खरं होतं ते सांगितलं.

"मी विचारलं तेव्हा एकदा बोलली. आपण होऊन काहीच नाही, आण्णा. शेवटी शेवटी तुमचं नाव तिच्या तोंडी यायचंच बंद झालं होतं."

त्यांनी पेपर मागितला. मी दिला. तो डोळ्यांपुढं धरून ते बसून राहिले, आणि कितीतरी वेळ पान उलटलं नाही.