स्नीकर्सवाली वकीलबाई

एडिसनहून ट्रेनने ऑफिसला जायचो, तेव्हा समोर रोज एक तरुण वकीलबाई बसायची. मांडीवर फायलींचा ढीग, दातांत धरलेला बेगल. स्टेशन जवळ आलं की स्नीकर्स काढून हील्स चढवायची. वकील न परवडणाऱ्यांचे खटले ती सरकारी पगारावर लढायची.

एकदा खुशीत म्हणाली, "नवीन कायदा झालाय. दहा वर्षं असली नोकरी करून हप्ते भरले, की उरलेलं स्टुडंट लोन माफ."

"वा, म्हणजे दहा वर्षांनी सुटलीस."

"सुटले कसली? मग तर ही नोकरी मला परवडेल."

मी खिडकीबाहेर बघितलं. माझं राजीनाम्याचं पत्र तीन वर्षांपासून टाइप करून तयार होतं. फक्त ग्रीन कार्ड यायचं होतं.