जयंतीने दिलेली लेक

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आमची जयंती चांगली शहाणी, तरी तिला ती चढावी लागली. कॅनडात, मिसिसागात आमची घरं शेजारी शेजारी, म्हणून तिला नेण्या-आणण्याचं काम माझ्याकडे.

जयंती आणि दीनानाथ मूळचे नागपूरचे. नीलनंतर त्यांना मुलगी झाली, उल्का. दीनानाथच्या थोरल्या भावाला, चंद्रकांतला मूल नव्हतं. बारशालाच जयंतीने उल्काला जावेच्या, माधवीच्या ओटीत घातलं. पेढे वाटले, सगळ्यांनी डोळे पुसले, झालं दत्तक. घरातल्या घरात कागद कसले करायचे? जन्मदाखल्यावर आई म्हणून जयंतीच राहिली. पुढे कॅनडासाठी अप्लाय करताना मात्र तिने मूल म्हणून एकट्या नीलचं नाव दिलं. दिलेल्या मुलीवर पुन्हा हक्क सांगायचा नाही, ही तिची नीती. मला विचाराल तर ती नीती नव्हती, छातीवर ठेवलेला दगड होता. उल्का फोनवर काकू म्हणायची आणि ही बेसमेंटमध्ये जाऊन रडायची.

२०१४ मध्ये चंद्रकांत आणि माधवी अमरावती रोडवर अपघातात गेले. उल्का तेव्हा चौदा वर्षांची. माधवीच्या भावाने तिला ठेवून घेतलं, पण मनापासून नाही, आणि ते तिला कळत होतं. जयंतीने तिला इकडे आणायला अर्ज केला. सरकारने जन्मदाखला पुढे केला. ही तुमची मुलगी, येताना तुम्ही तिचं नाव दिलं नाही, आता ती तुमची म्हणून कधीच येऊ शकत नाही. दयेचा अर्जही फेटाळला.

वकील रश्मी हुशार पोरगी. तिने वाट शोधली. अनाथ पुतणीला आणता येतं. फक्त दत्तक खरोखर झालं होतं, हे दाखवायचं.

"आँटी, तुम्ही तिची आई नाही, एवढंच आपल्याला प्रूव्ह करायचंय," रश्मी म्हणाली. "प्लीज, इथे साइन करा."

जयंतीने सही केली. परतताना गाडीत म्हणाली, "माझ्या पोटची पोर माझी नाही, असं शपथेवर लिहून देऊन राहिली मी. देव माफ करेल का मला?"

"देवाला इथले इमिग्रेशनचे नियम ठाऊक असतील तर करेल," मी म्हटलं. मला संताप आला होता, तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी तिची गत.

पुतणी म्हणून केलेला अर्जही सरकारने नाकारला, आणि खालच्या कोर्टातही हरलो. मग टोरंटोत फेडरल कोर्ट ऑफ अपील. तीन न्यायाधीश, तिघेही सभ्य, कुणी आवाज चढवला नाही. मूल दिल्याचा पुरावा काय, असं एका न्यायाधीशबाईंनी विचारलं. रश्मीने बारशाचा फोटो दाखवला. माधवीच्या मांडीवर उल्का, बाजूला जयंती रडते आहे. बाई बराच वेळ त्या फोटोकडे पाहत होत्या, आणि मला वेड्यासारखी आशा वाटली.

निकाल २०१७ च्या नोव्हेंबरात आला. रश्मीने घरी येऊन तो मराठीत समजावला. कुटुंबाच्या भावना कळतात, पण दत्तक सिद्ध होत नाही. कायद्याने उल्का जयंतीचीच मुलगी आहे. म्हणून अपील फेटाळण्यात येत आहे. दीनानाथ फावडं घेऊन ड्राइव्हवे शोव्हल करायला निघून गेला. बर्फ धड पडलाही नव्हता.

तेवढ्यात उल्काचाच फोन आला. ती सकाळपासून वाट पाहत होती. मी स्पीकर लावून दिला.

"काकू, काय म्हणाले कोर्टात?"

"तू माझी मुलगी आहेस म्हणाले."

पलीकडे पोर हसली.

"मग मी बॅग भरू?"

"नाही गं राणी," जयंती म्हणाली. "म्हणूनच नाही."