दुसरा डबा, पहिलं दार

बोरकर काका गेल्याच्या मेसेजला आज सकाळी मी 'नोटेड सर' असं उत्तर दिलं.

शिफ्टच्या ग्रुपवर मेसेज आला होता. वरच्या दोन ओळी ड्युटीच्या. मला आज काउंटर नाही, प्लॅटफॉर्म.
दात घासता घासता मी तेवढंच वाचलं, उत्तर टाकलं आणि फोन पलंगावर ठेवला.

तिसरी ओळ बूट घालताना वाचली.
पहाटे हार्ट अटॅक. बोरकरजी नहीं रहे.

मी उत्तर डिलीट केलं. पण 'डिलीट केलं' असं तिथे अजून दिसतंय.

काल दुपारी शिफ्ट संपताना ते म्हणाले होते, "काय सोलापूर, उद्या कडक भाकरी आण. दिल्लीचे नान खाऊन दात आळशी झालेत."
ती भाकरी माझ्या बॅगेत आहे. रात्रीच भरून ठेवली होती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही मूळचे सोलापूरचे. बाबा पानिपतला हातमागावर आहेत. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. दिल्लीत मेट्रो स्टेशनवर कस्टमर केअरला लागले, तेव्हा मला सिस्टीम बदलायची होती.
काका आमच्या स्टेशनवरचे सगळ्यात जुने. पहिल्याच दिवशी माझं भाषण शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बदल की. आधी त्या आजींसाठी लिफ्टचं बटण दाब."

आमच्याकडे एक पद्धत आहे.
डोळ्यांनी दिसत नाही असा प्रवासी आला की आमच्यातला कोणीतरी त्यांना गेटपासून गाडीत बसवून देतो. मग उतरायच्या स्टेशनला फोन करायचा. कुठला डबा, कुठलं दार. तिथला माणूस त्या दारासमोर उभा राहतो.

गुप्ताजी रोज सव्वानऊला येतात. करोल बागला बँकेत आहेत. काकाच त्यांना सोडायचे.

माझ्या पहिल्या आठवड्यात काकांनी गुप्ताजींना बसवलं आणि वायरलेसवर मला सांगितलं, "करोल बागला कळव. दुसरा डबा, पहिलं दार."
मी म्हणाले, "नोटेड सर."
तेवढ्यात एका बाईंचं कार्ड चालेना, मागे रांग लागली, आणि मी विसरले.

गुप्ताजी करोल बागला उतरले. समोर कोणी नव्हतं. ऑफिसच्या गर्दीत ते खांबाला पाठ लावून अर्धा तास उभे होते.

काका ओरडले नाहीत. शिफ्ट संपल्यावर मला प्लॅटफॉर्मवर घेऊन गेले.
"डोळे मिट. दोन गाड्या जाऊ दे, मग उघड."

पहिली गाडी आली. वारा आला, बॅगा लागल्या, कोणीतरी ढकलत "साइड, मॅडम" म्हणालं. मी डोळे उघडले.

"एकच झाली," काका म्हणाले. "त्यांच्या सात-आठ गेल्या."
मी रडायला लागले तर म्हणाले, "रडू नको यार, बी.ए. झालीयेस. एवढंच कर. नोटेड म्हणजे तू ऐकलंस. मला ते नको. तिकडून प्रवासी मिळाल्याचा फोन आला की मला 'पोचले' म्हण."

त्यानंतर रोज काका वायरलेसवर डबा आणि दार सांगायचे, मी फोन करायचे, आणि थोड्या वेळाने कळवायचे, "पोचले."
ते म्हणायचे, "शाब्बास, सोलापूर."
दोन वर्षं.

आज सव्वानऊला गेटवर मी उभी होते.

हात धरायचा नाही, कोपर पुढे करायचं, हेही काकांनीच शिकवलेलं. गुप्ताजींनी कोपर धरलं आणि थांबले. माझं कोपर काकांपेक्षा खाली येतं.
"आज बोरकरजी छुट्टी पर?"

मी "जी" म्हणाले.
गाडीत ते एकटे असणार. ही बातमी घेऊन एवढा प्रवास एकट्याने कशाला, असं वाटलं. मी लिफ्टचं बटण दाबलं.

प्लॅटफॉर्मवर ते हसत म्हणाले, "कल उनसे कह दीजिएगा, मेरी चाय उधार है."
मला खोटं पुढे नेता आलं नाही. मी सांगितलं.

गाडी आली. दारं उघडली, बंद झाली. गुप्ताजी हलले नाहीत.
त्यांचा हात माझ्या कोपरावर घट्ट होता.
दुसरी गाडी आली. तीही गेली.

मी डोळे मिटले नव्हते. पण मला काही दिसत नव्हतं.

मग ते म्हणाले, "अगली में बिठा दीजिए, बेटा. और फोन कर दीजिएगा."

मी बसवलं. दार बंद व्हायच्या आत फोन लावला होता. दुसरा डबा, पहिलं दार.
फोन हातात धरून तिथेच उभी राहिले. करोल बागहून फोन आला, "मॅडम, मिल गए."

मी सवयीने वायरलेस तोंडाजवळ नेला. बटण दाबलं.
आणि सांगायला पलीकडे कोणी नव्हतं.

म्हणून इथे लिहितेय.

काका, गुप्ताजी पोचले.

आता तुम्ही निवांत जा.