खिडकी उघडा, असं सांगणारे फोन

टीव्ही केंद्राच्या तळघरात, जिन्याला लागून एक अरुंद खोली होती. तिथे प्रेक्षकांचे फोन घेणारी बाई बसायची. वय पंचावन्न, अंगाने किडकिडीत, चष्म्याची दोरी कायम गळ्यात. आवाज मात्र असा, की भांडायला फोन केलेला माणूसही अर्ध्या वाक्यात नरम यायचा. सगळे तिला हॅलोताई म्हणत. आधी अकरा वर्षं इस्पितळाच्या स्विचबोर्डवर आणि मग इथे सोळा, असा तिचा जन्म दुसऱ्यांचं ऐकण्यात गेला होता.

काम सोपं होतं. फोन उचलायचा, ऐकायचं, रजिस्टरमध्ये नोंद करायची. रजिस्टरला तीन रकाने होते: कौतुक, तक्रार आणि इतर. शेवटी एकच वाक्य बोलायचं, "आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे." स्वतःचं मत द्यायचं नाही, हा नियम. तिला तो कधी जड गेला नाही. तिचं मत विचारलं होतं कुणी?

त्या वर्षी केंद्राने एक मालिका सुरू केली. एका जुन्या, जाडजूड कादंबरीवरची, व्हॅम्पायरची. तळ्याकाठी एक पडका वाडेवजा बंगला, त्यात शंभर वर्षं म्हातारा न झालेला एक सरदार, आणि पलीकडच्या काठावर एकटीच राहणारी संगीतशिक्षिका. सरदाराला रक्ताची तहान. पण घरातल्या माणसाने "आत या" म्हटल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडता येत नाही. म्हणून तो रोज तिन्हीसांजेला तिच्या खिडकीबाहेर येऊन उभा राहतो. दर गुरुवारी संध्याकाळी सहाला मालिका लागायची आणि पावणेसातला फोन खणखणायला लागायचे.

हॅलोताईने मालिका पाहिली नव्हती. केंद्रात जिकडेतिकडे टीव्ही होते, पण तिच्या खोलीतला कुण्या साहेबाने कधीकाळी काढून नेला होता, फोनवरचं लक्ष उडतं म्हणून. तिला मालिका कळायची ती लोकांच्या तोंडून.

आणि लोक तरी काय एकेक! दातांच्या एका डॉक्टरांनी पहिल्याच भागानंतर फोन करून सांगितलं, की असे सुळे असलेल्या माणसाला तोंडच मिटता येणार नाही, बोलणं तर दूरच. एका बाईंची तक्रार होती, की त्यांचे यजमान आता खिडक्यांना आतून खुर्च्या लावून बसतात आणि घरात वारा म्हणून येत नाही. कादंबरी तोंडपाठ असलेले एक निवृत्त मास्तर दर आठवड्याला पान नंबरसकट चुका सांगत. पुस्तकात सरदाराला दाढी आहे, इथे गाल गुळगुळीत. पुस्तकात तळं गोठलेलं आहे, इथे त्यात बदकं पोहतात. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांना व्हॅम्पायरशी काही देणंघेणं नव्हतं. शिक्षिकेच्या भिंतीवरच्या घड्याळात पाच भागांत चार वाजून दहाच मिनिटं कशी, एवढंच त्यांना विचारायचं होतं. एका तरुण मुलीने नुसतं रडायला फोन केला. ती रडत असताना हॅलोताईने रजिस्टरवर पेन्सिल टेकवून ठेवली आणि काहीच लिहिलं नाही.

असं ऐकता ऐकता तिच्या डोक्यात एक बंगला उभा राहिला. एकाने सांगितलं जिना लाकडी आहे, दुसऱ्याने सांगितलं तो करकरतो, तिसरी म्हणाली जिन्यावर उजेड निळसर पडतो. लोकांचं एकमेकांशी जुळायचं नाही, म्हणून तिच्या बंगल्याला खोल्या वाढत गेल्या. सरदाराचे डोळे कधी करडे, कधी हिरवे. तळं सकाळी गोठलेलं आणि संध्याकाळी बदकांनी भरलेलं. बसने घरी जाताना काचेला डोकं टेकून ती त्या तळ्याकाठी हिंडायची. दिवे मागे पळत, माणसं चढत-उतरत, आणि ती मात्र ओल्या गवतातून चालत असे. दोनदा तिचा थांबा चुकला. तिसऱ्यांदा कंडक्टरनेच खांद्यावर हात ठेवून उतरवलं.

घरी वहिनी असायच्या. दादा जाऊन चार वर्षं झाली होती. दोन खोल्यांच्या त्या घरात आता या दोघी. भांडण नव्हतं. भांडायलाही थोडं बोलावं लागतं. पाणी आलं, दूध संपलं, गॅसवाला उद्या येणार, इतक्यावर दिवस निघायचा. दादांची खुर्ची दोघी रोज पुसायच्या, ही सकाळी आणि वहिनी दुपारी. एकीने दुसरीला तसं सांगितलं मात्र नव्हतं.

मालिका सुरू झाल्यावर एक गंमत झाली. गुरुवारी जेवताना वहिनी आपण होऊन भाग सांगायला लागल्या. सांगायच्या अगदी बेताने, हातवारे करून, जणू शेजारच्या घरातलं सांगताहेत. "आज तिनं पडदा बाजूला केला, वन्सं. पण कडी काही काढली नाही." हॅलोताई घास हातात धरून ऐकायची.

चौथ्या गुरुवारी सात वाजता फोन वाजला. तिने उचलला. पलीकडून दबक्या, मुद्दाम जाड केलेल्या आवाजात कुणी बाई म्हणाल्या, "त्या शिक्षिकेला सांगा, खिडकी उघड म्हणावं. बाहेर थंडी आहे."

आवाज वहिनींचा होता.

सत्तावीस वर्षं ज्या कानांनी हजारो माणसं ऐकली, त्यांना घरातली बाई ओळखू येणार नाही असं कसं होईल? पण हॅलोताईच्या तोंडून सवयीने तेच वाक्य गेलं, "आपलं म्हणणं नोंदवून घेतलं आहे." फोन ठेवल्यावर तिने पाहिलं, पेन्सिल हातातून घरंगळून पायाशी पडली होती. नोंद तिने केली, "इतर" मध्ये.

त्या रात्री जेवताना वहिनींनी नेहमीसारखा भाग सांगितला. फोनचं अवाक्षर नाही. हिनेही विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी पुन्हा सात वाजता फोन. वहिनी म्हणाल्या, ती बाई घाबरते याचं नवल वाटतं. माणूस गेला की तो कसाही परत आला तरी चालतो, दात लांब असले तरी. त्याच्या पुढच्या वेळी म्हणाल्या, "आमचे हे यायचे ना, तर आधी खोकला यायचा आणि मग ते. अजून संध्याकाळी जिन्यात कुणी खोकलं की मी उठते. दार उघडायच्या आधी कळतं मला की दुसरं कुणी आहे. तरी उघडते."

हॅलोताईने रिसीव्हर कानाशी घट्ट धरला. ज्यांच्या खोकल्याचं ऐकत होती, त्यांच्या पाठीवर बसून ती लहानपणी घोडा घोडा खेळली होती. तिला म्हणायचं होतं, मीही उठते वहिनी, मलाही ऐकू येतो. पण आत कुठेतरी भीती होती: ओळख दिली तर हे बोलणं बंद होईल. घरी जे चार वर्षांत झालं नाही ते तारेवरून होत होतं, तर ती तार तिला तोडवेना. "ऐकते आहे मी," एवढं ती म्हणाली. नियमात ते बसत नव्हतं.

दहावा भाग झाला आणि तिला वरच्या मजल्यावर बोलावणं आलं. तिची पाचावर धारण बसली. वाटलं, नियम मोडल्याचं कळलं. वर मालिकेची सगळी मंडळी बसली होती. निर्माते, दोन लेखक आणि भल्यामोठ्या स्वेटरमध्ये पाय दुमडून बसलेली दिग्दर्शिका. शेवटच्या भागाचं चित्रीकरण व्हायचं होतं. कादंबरीत शेवटी सरदाराला उन्हात ओढून आणतात आणि त्याची राख होते. निर्मात्यांना तेच हवं होतं. दिग्दर्शिकेचं मन घेत नव्हतं. लोकांचा कल कुठे आहे, आकडे सांगा, असं त्यांनी हॅलोताईला विचारलं.

तिने सांगितले. कौतुक दोनशे चौदा, तक्रारी तीनशे नऊ. त्यांत सरदाराला मारा म्हणणारेच जास्त.

"मग झालं तर," निर्माते म्हणाले.

ती उठली नाही. रजिस्टर मांडीवर धरून म्हणाली, "आकड्यांत काही नाही, साहेब. 'इतर' वाचून दाखवू?"

तिने वाचायला सुरुवात केली. खुर्च्या लावून बसणारे यजमान, थांबलेलं घड्याळ, नुसतंच रडलेल्या मुलीची कोरी ओळ. वहिनींच्या नोंदीपाशी ती अडखळली. हे आपलं नव्हे, दुसऱ्याचं आहे, असं वाटलं. पण नाव तर लिहिलेलंच नव्हतं. तिने वाचलं: आधी खोकला यायचा आणि मग ते. वाचताना तिच्या त्या प्रसिद्ध आवाजाला जरा चीर गेली. वाचून झालं तेव्हा दिग्दर्शिकेने डोळे मिटले होते.

शेवटचा भाग लागला त्या गुरुवारी फोनांनी खोली डोक्यावर घेतली. राख कुठे गेली? मास्तरांच्या नाकाला इतक्या मिरच्या झोंबल्या होत्या की पान नंबरही त्यांना आठवेना. दातांचे डॉक्टर म्हणाले, फसवलंत. सगळ्यांच्या तोंडून तिला शेवट कळला. पहाट होत आलेली असते, तो बाहेर उभा असतो, पळून जायला अजून वेळ असतो आणि तो जात नाही. शिक्षिका कडी काढते, खिडकी उघडते, म्हणते, "आत या." आणि पडद्यावर नुसता उजेड पसरतो. तो आत आला, की बाहेरच त्याची राख झाली, हे दाखवलेलंच नाही.

रकाना भरत होता आणि हॅलोताई मान खाली घालून लिहीत होती. हे आपल्यामुळे झालं, असं तिला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर अंगावर मूठभर मांसही चढलं होतं.

सातचा फोन साडेसातला आला. पलीकडून वहिनी स्वतःच्या, साध्या आवाजात म्हणाल्या, "बरं केलंत." आणि फोन ठेवला.

घरी पोचली तेव्हा ताटं वाढलेली होती. वहिनींनी शेवटचा भाग सांगितला, अगदी खिडकीच्या कडीपर्यंत. तो संपल्यावर हॅलोताई म्हणाली, "वहिनी, मी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं."

वहिनींनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "मग मी काय बहिरी आहे? तुमचा आवाज मला कळत नाही होय? तुमची लाइन गुंतलेली असली की वरचं दुसरं कुणी उचलायचं, मग मी ठेवून द्यायचे. परत लावायचे. एकदा सहा वेळा लावला."

"मग घरीच का नाही बोललात?"

"घरी तुम्ही 'ऐकते आहे' म्हणत नाही, वन्सं."

हॅलोताई उठली, हात धुतला आणि जाऊन दादांच्या खुर्चीत बसली. चार वर्षांत कुणी बसलं नव्हतं तिच्यात. लाकूड जरासं कुरकुरलं. वहिनींनी पाहिलं. आपला पाट ओढून समोर बसल्या. मग हॅलोताईने लहानपणीच्या दादांपासून सुरुवात केली, वहिनींनी कधीच न पाहिलेल्या, दोन दात पडलेल्या आणि शिट्टी वाजवू न शकणाऱ्या दादांपासून. उष्टी ताटं तशीच वाळली.

पुढच्या वर्षी मालिका पुन्हा दाखवली, दुपारी. हॅलोताई रजेवर होती. दोघी मिळून बसल्या. पाचेक मिनिटांत तिला दिसलं, की बंगला अगदीच लहान आहे, जिना सरळ चारच पायऱ्यांचा आहे आणि सरदार जरा बुटकाच आहे. ती हिरमुसली. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, तुमच्या मनातला बंगला कसा होता?

तिने डोळे मिटून सांगायला घेतलं. तळं सकाळी गोठलेलं असतं, म्हणाली, आणि संध्याकाळी त्यात बदकं असतात. वहिनींनी हळूच टीव्हीचा आवाज कमी केला.