कडुनिंबाखालची जागा

शेजारच्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी जळगावला घरी दाढी करत होतो. अक्का गेली. माझ्या वडिलांची ती थोरली बहीण, पण सगळं गावच तिला अक्का म्हणायचं. मला रडू आलं नाही, स्वतःचाच राग आला... दिवाळीत "पुढच्या बाजाराला येतो" असं तिला सांगून मी गेलोच नव्हतो.

आमचं गाव धुळ्यापासून एसटीनं पाऊण तासावर. शहर जवळ म्हणून आम्ही भाग्यवान, असं पाहुणे म्हणत. खरं तर त्या जवळिकीनंच गावात काही उभं राहत नव्हतं. बायका भाजीच्या पाट्या घेऊन धुळ्याला जायच्या आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून मिळेल त्या भावात विकून मोकळ्या व्हायच्या. येताना मीठमिरचीपासून बांगड्यांपर्यंत सगळं तिथूनच आणायच्या. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. अक्का एकदा म्हणाली, "गावना पैसा एक दिन तरी गावमा ऱ्हावाले जोयजे." आणि गावाचा स्वतःचा आठवडे बाजार भरवायचं तिनं मनावर घेतलं.

वार मी सुचवला. मी तेव्हा धुळ्याला कॉलेजात, म्हणजे गावातला शहाणा. म्हटलं, रविवार ठेव, सगळ्यांना सुटी असते. कोणाला सुटी, हे मला सुचलंच नाही. चार रविवार अक्का कडुनिंबाखाली गोणपाटावर मेथी आणि वांगी मांडून बसली. शेजारी किराणावाले बन्सीभाऊ, तेही तिच्या भिडेखातर. गिऱ्हाईक फिरकलं नाही, तरी दिवस मावळेपर्यंत ती उठायची नाही. शेवटी बन्सीभाऊ म्हणाले, "अक्का, मजुरी भेटस धुयाना बाजारना दिन. रविवारले कोणाजोडे काय शे?" इतकी साधी गोष्ट. मजुरी धुळ्याच्या बाजाराच्या दिवशी द्यायची ही आमच्याकडची रीत. ती हातात पडली की माणसं थेट एसटीत. अक्का मला रागावली नाही, फक्त पुढे वर्षभर मला "प्रोफेसर" म्हणत राहिली.

तिनं आधी स्वतःच्या शेतातली मजुरी एक दिवस अलीकडे आणली आणि बाजारही त्याच दिवशी ठेवला. मग घरोघर जाऊन शेतकऱ्यांच्या मागे लागली, "एक दिन पयले दिधी ते तुमनं काय बिघडस?" हळूहळू सगळ्यांनी ऐकलं. कासारीण आली, पारोळ्याचा कापडवाला आला. नव्यानं आलेल्याला पहिल्या दिवशी सावलीतली जागा मिळायची. अक्का आपलं टोपलं उचलून उन्हात सरकायची. कॉलेजची पोरं आजही नोकरीसाठी धुळ्यालाच जातात, ते काही तिला थांबवता आलं नाही. पण त्यांच्या आयांची भाजी आता मातीमोल जात नाही.

दिवसकार्य उरकल्यावरच्या बाजाराला मी गेलो. तिच्यामागे तो टिकेल का, ही धास्ती होतीच. बघतो तर पाय ठेवायला जागा नाही... फक्त कडुनिंबाखाली अक्काचं गोणपाट मोकळं. तिथं बसायला कोणी धजत नव्हतं. तेवढ्यात भुईमुगाच्या शेंगा घेऊन एक अनोळखी बाई जागा शोधत आली. बन्सीभाऊ गुडघ्यावर हात टेकून उठले, गोणपाट झटकून पुन्हा अंथरलं आणि म्हणाले, "बठ माय. आठे पहिला दिन सावलीमाच." तेव्हा मात्र मला रडू आवरलं नाही.

निघताना त्यांनी विचारलं, "आते कवय येशी, प्रोफेसर?"

म्हटलं, पुढच्या बाजाराला. आणि गेलो. गोणपाटावर कोणी नवीनच बसलं होतं, आणि शेंगावाली उन्हात बसली होती.